उंबराखाली बंद पडणारी मशीन

अंबड, जि. जालना
शनिवार, दुपार

ती. गिरिजाक्का,

शैलाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पूर्ण वाकता येत नाही. जेवढी वाकले तेवढा गोड मानून घ्यावा.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळून बरं वाटलं. थेंब वेळच्या वेळी घालता ना? डॉक्टरांनी सांगेपर्यंत चुलीजवळ, धुराजवळ जायचं नाही आणि सुनेला पुरणपोळी शिकवायच्या निमित्ताने तर मुळीच जायचं नाही. ती मोबाइलवर बघून करेल, बिघडली तर खाईल. भावोजींची शुगर कशी आहे? इकडे आमच्या दोघांच्या तब्येती वयाच्या मानाने ठीक आहेत. म्हणजे माझी आहे. तुमच्या बंधूंची आजपर्यंत ठीक आहे, उद्याचं सांगता येत नाही, आणि म्हणूनच हे पत्र. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे.

परसातल्या उंबराची ती दक्षिणेकडची मोठी फांदी तुम्हाला आठवत असेल. ती आता द्वारकाबाईंच्या खोलीवर पूर्ण गेली आहे. (द्वारकाबाई म्हणजे आपल्या भिंतीपलीकडच्या. तुम्ही दिवाळीला आला होतात तेव्हा तुमच्या करंज्यांना नावं ठेवली होती, त्याच. मुलं चाकणला, बाई एकट्या, वर पत्रे.) फांदी जिथे खोडाला जोडलेली आहे तिथे फट पडली आहे. फटीत माझा पंजा मनगटापर्यंत जातो, आतून ओला भुसा निघतो, आणि खालच्या अंगाला कानासारख्या अळंब्या आल्या आहेत. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं आणि त्यातलं बरंचसं विसरले आहे, पण झाडाला कान फुटले की ते आतून गेलं, एवढं लक्षात आहे. वळवाचे दिवस आहेत. रोज चार वाजले की आभाळ काळं होतं, वारं उठतं, आणि मी हातातलं काम टाकून त्या फांदीकडे बघत उभी राहते. द्वारकाबाई बरोबर तिच्याखाली बाज टाकून झोपतात. मी त्यांना आपल्याकडे झोपायला बोलावलं, मुलांकडे जा म्हटलं, निदान बाज दुसऱ्या भिंतीला सरकवा म्हटलं. त्यांचं एकच, "दत्ताचं झाड माझ्या अंगावर कशाला पडंल बाई? मी त्याचं काय वाईट केलंय?" याला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही.

तेव्हा फांदी काढायची असं मी ठरवलं. नगरपालिकेची परवानगी मी स्वतः उभी राहून आणली. पण लाकूडतोडे मिळेनात. म्हणजे मिळतात, येतात, चहा पितात, मान वर करून बघतात, आणि उंबर आहे म्हटलं की हात जोडून निघतात. एक जण तर चहाही अर्धा टाकून उठला. "उंबर हाय म्हणून आधी सांगायचं नं बाई, मी कुऱ्हाड घरीच ठेवून आलो असतो." शेवटी वाटूरकडचा एक म्हातारा आला, त्याने जरा वाट दाखवली. त्यांच्यात म्हणे उंबराला पहिला घाव घरच्या माणसाने घालायचा, झाडाची माफी मागून. तो घातला की पुढचं काम पाप नाही, मजुरी आहे. मला हे पटलं नाही, पण चाललं असतं. तुमच्या बंधूंना मात्र ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, पहिला घाव आपण घालायचा तर सगळेच आपण घालू. जन्मभर पाटबंधारे खात्यात टेबलाच्या अलीकडे बसलेला माणूस. भिंतीला खिळा मारायचा तरी मला हाक मारतात. आणि यांना हवी झाडं कापायची मशीन!

मशीन मिळाली अंकुशनगरला, अंगद नावाच्या माणसाकडे. मोसंबीच्या बागा दुष्काळात वाळल्या तेव्हा याने त्या तोडायचं काम घेतलं होतं. आता नव्या बागा लहान आहेत, त्यांना हात लावायला अजून कोणी बोलवत नाही, म्हणून मशीन रिकामी. "साहेब, या मशीनीनं अर्धा तालुका साफ केलाय," असं तो अभिमानाने म्हणाला, आणि हे ऐकून तुमच्या बंधूंना ती आवडली. मला ऐकूनच नको वाटली. किंमत फार कमी होती आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली. चालणारी वस्तू इतक्या स्वस्तात कोण देतो? पण अंगदने ती आमच्यासमोर चालवली, मोसंबीचा एक ओंडका काकडीसारखा कापून दाखवला, आणि हे मान हलवत राहिले. येताना एसटीत यांनी मशीन माझ्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, "किती महिन्याचं हाय?" मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीन मुहूर्तांतली आखिती होती. नवी वस्तू (ही नवी!) त्या मुहूर्तावर पूजल्याशिवाय वापरायची नाही, हे यांचं म्हणणं. मी स्वयंपाकात होते. बाहेर येऊन बघते तर मशीनला हळदकुंकू, पुढच्या पट्टीला नाडा, झेंडूचा हार, आणि वरून मूठ मूठ अक्षता. उदबत्ती कुठे खोचली म्हणाल तर पेट्रोलच्या झाकणापासून वीतभर लांब! ती मी ओढून काढली आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. मशीन सुरू होईना. यांनी दोरी ओढ ओढ ओढली, खांदा धरून बसले, मग कचरूला बोलावलं. कचरू फवारणीचे पंप दुरुस्त करतो, बसस्टँडमागे त्याचं दुकान आहे, आणि आवाज असा की जालन्याला ऐकू जावा. अशी मशीन त्यानेही पहिल्यांदाच उघडली, पण उघडताना जराही घाबरला नाही, त्यामुळे मीच घाबरले. हवा आत घेण्याच्या जाळीतून त्याने आधी पाकळ्या काढल्या, मग कुंकवाचा लगदा, मग एकेक करून तांदूळ. "साहेब," तो म्हणाला, "निवद बाहेरून दाखवायचा असतो. तुम्ही तर मशीनीला आतून जेऊ घालून राह्यलात!" गल्लीभर हसू झालं. यांनी कचरूला दक्षिणा म्हणून पूजेचा नारळ दिला.

त्यानंतरची साखळी. कचरूने ती कानशीने घासून धार लावून दिली आणि बसवायची यांनी बसवली. (का? तर माहितीपत्रकातली चित्रं बघून. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं.) अंगणात बाभळीचं एक खोड आडवं टाकून प्रयोग ठेवला. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, डोळ्यांना कापसाच्या फवारणीचा चष्मा, पायात पावसाळी बूट. पलीकडच्या रामकिसनने शेळ्यांच्या शेडजवळ उभं राहून फोटो काढले. मशीन सुरू झाली, खोडावर टेकली, प्रचंड आवाज, प्रचंड धूर, आणि खोडाला नुसता काळा पट्टा. द्वारकाबाई भिंतीवरून बघत होत्या. "भालचंद्रा, ही मशीन लाकूड कापती का शेकती?" मी जवळ जाऊन बघितलं तर साखळीचे सगळे दात मागे तोंड करून बसलेले. विळीचं पातं उलटं लावून भाजी चिरायला बसावं तसा प्रकार. मी सांगितलं. यांनी दहा मिनिटं माझं न ऐकता मग साखळी उलटवली, तीही मला आत पाठवून, म्हणजे आपणच शोधून काढलं असं पुढे सांगता यावं.

आणि तेल. या मशीनला साखळीसाठी वेगळं तेल लागतं, ते चालताना आपोआप ठिबकत राहतं. ते तेल संपल्यावर यांनी स्वयंपाकघरातलं करडीचं तेल ओतलं. मला विचारलं नाही. साखळी तेल किती लांब उडवते ते त्या दिवशी कळलं, कारण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर माझ्या कुरडया वाळत होत्या. वर्षाच्या कुरडया, अक्का. साळूबाईला सोबतीला घेऊन पहाटे उठून केलेल्या. प्रत्येक कुरडईवर तेलाचा शिंतोडा आणि बाभळीचा भुसा. अंगणभर भजी तळल्याचा वास सुटला आणि गल्लीतली दोन माणसं खरंच विचारायला आली की काय केलंय. इतकं होऊनही एक गोष्ट मान्य करायला हवी. करडीच्या तेलावर मशीन फार सुरेख चालली. बाभळीचं खोड बघता बघता तुकडे झालं. मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, झालं, आता उद्या फांदी.

खरा घोर तिथून सुरू झाला. अंगणात चालणारी मशीन उंबराखाली नेली की बंद! सकाळी अंगणात एका झटक्यात सुरू होते, हे ती बंद करतात, आत जाऊन पाणी पितात, देवाला नमस्कार करतात, मशीन परसात नेतात, मी शिडी धरते, कचरू आणि रामकिसन फांदीला बांधलेला दोर धरतात, हे पहिल्या पायरीवर पाय ठेवून दोरी ओढतात, आणि मशीन मेल्यासारखी. फुसकन् सुद्धा करत नाही. एक दिवस नाही, रोज. कचरू म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा, पेट्रोल बदललं. मग म्हणाला कार्बोरेटर, तो धुतला. मग त्याने उंबराकडे बघितलं आणि पाना पिशवीत टाकला. आता तो दोर धरायला येताना चप्पल भिंतीपाशी काढून येतो. द्वारकाबाईंनी गल्लीत सांगून ठेवलं आहे की झाड मशीनला हात लावू देत नाही. गुरुवारी दोन अनोळखी बायका परसात येऊन पाया पडून गेल्या, झाडाच्या की मशीनच्या ते मी विचारलं नाही.

मी शिडी धरून उभी असते तेव्हा मला काय वाटतं ते तुम्हाला लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. मशीन सुरू झाली नाही की मला संताप येतो, की आणखी एक दिवस गेला आणि ती फांदी तिथेच आहे. आणि त्याच क्षणी सुटल्यासारखं वाटतं, की आज तरी यांचे दोन्ही हात जागच्या जागी घरी आले. सत्तरीला टेकलेला माणूस, शिडीवर, हातात ती दातांची साखळी. सुरू झाली तरी काळजी, न झाली तरी काळजी. संध्याकाळी वारं सुटलं की मी भिंतीपाशी जाऊन उगाच हाक मारते, "द्वारकाबाई, झोपलात का?" त्या म्हणतात, "अगं आत्ता तर पाच वाजलेत!"

एकूण माझं मत असं की ही मशीन यांच्या हातची नाही. ती विकून टाकावी आणि जालन्याहून माहितगार माणूस बोलवावा. तुम्हाला काय वाटतं ते सवडीने कळवा. येताना (याल तेव्हा) नाशिकचा चिवडा आणू नका, दोघांनाही दातांचं जमत नाही. सुनेला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

तुमची
शैला

ता.क. वरचं पत्र यांनी वाचलं आहे. अक्काला काय लिहिलंस म्हणून मागितलं, म्हणून ते यांना वाचता येईल असंच लिहिलं होतं. (साखळीचं मी शोधलं या वाक्यावर हरकत घेतली. मी खोडलं नाही.) हा कागद वेगळा आहे, हा यांनी पाहिलेला नाही, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण यातच आहे. फोनवर हे बोलताच आलं नसतं, हे दिवसभर समोर असतात.

मशीन चांगली आहे. तिला काहीही झालेलं नाही. काल देव्हाऱ्यातली पितळेची भांडी चिंचेने घासायला काढली, तेव्हा दत्ताच्या मूर्तीच्या चौरंगाखाली, लाल कापडात गुंडाळलेला, हळदकुंकू लावलेला मशीनचा प्लग मिळाला. त्याच्याशिवाय ठिणगी पडत नाही आणि मशीन सुरू होत नाही, एवढं मीही आता शिकले आहे. म्हणजे हे पाणी प्यायला आत जातात तेव्हा प्लग काढून देवापाशी ठेवतात, मशीन तशीच उंबराखाली नेतात, दोरी ओढ ओढ ओढतात, खांदा धरतात, आणि कचरूने उघडायच्या आधी, नाहीतर सकाळी उठून, गुपचूप परत बसवतात. सगळ्या गल्लीसमोर, कचरूकडून कार्बोरेटर धुवून घेत. मी प्लग पुसला आणि होता तिथेच ठेवला. पहिल्यांदा मला फार राग आला. मग चौरंग जागेवर ठेवताना एक गोष्ट लक्षात आली आणि राग पुढे गेलाच नाही.

अक्का, ते झाड तुम्ही लावलेलं आहे. हे लहानपणी विषमज्वराने गेले म्हणून सगळ्यांनी धरलं होतं, तेव्हा तुम्ही परकरातली मुलगी, दत्ताला बोललात आणि उंबराची फांदी लावलीत. फांदी फुटली आणि हे उठले. तेव्हा तुम्ही यांना सांगितलंत, हे झाड म्हणजे तू, याला लोखंड लावू द्यायचं नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात यांनी मला हे सांगितलं होतं आणि मी हसले होते. यांना दत्ताची भीती असेल, पण त्याहून जास्त तुमची आहे. तुम्हाला विचारायचं धाडस नाही, आणि न विचारता कापायचं त्याहून नाही. आणि द्वारकाबाई खाली झोपतात हेही यांना झोपू देत नाही, मी बघते ना, चार वाजता माझ्या आधी हेच परसात जाऊन उभे असतात. म्हणून मशीन घेतली, आणि म्हणून चालू देत नाहीत. तेव्हा एवढंच करा. एक फोन करा आणि सांगा, भालू, ती फांदी काढ. झाड राहील, तूही राहशील. तुम्ही सांगितलंत की ऐकतील. मी लग्न झाल्यापासून सांगते आहे, त्याचा काही उपयोग झालेला नाही.

ता.क. दुसरा. रविवार, सकाळ. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. काल संध्याकाळी जे व्हायचं ते वादळ झालं. फांदी पडली नाही. रामकिसनच्या शेळ्यांच्या शेडचे दोन पत्रे उडाले, पतंगासारखे भिंतीवरून आले, ते थेट द्वारकाबाईंच्या दारात पडायचे, आणि बाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. ते त्या फांदीने अडवले. अजून तिथेच लटकलेले आहेत, वाऱ्यावर वाजतात. शेळ्या सुखरूप आहेत. द्वारकाबाई सगळ्यांना सांगतायत की दत्ताने हात आडवा घातला. सकाळपासून परसात नारळ फुटतायत. कचरूने स्वतः फोडला. आता फांदी काढायचं नाव काढलं तर बाई म्हणतात, "आधी मला काढा." आणि ती फट, अक्का, काल पंजा जात होता, आज कोपर जातो. वरून पत्र्यांचं ओझं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, फोनच केला असता, पण काल रात्रीपासून वीज नाही, मोबाइल बंद पडलेत आणि टॉवरही. हार्डवेअरवाला राधेश्याम माल आणायला टेम्पो घेऊन नाशिकला निघालाय, तुमचं घर त्याला माहीत आहे, त्याच्या हाती हे देते.

द्वारकाबाई जागच्या हलत नाहीत. म्हणून काल रात्री मीच माझी खाट त्यांच्या खोलीत नेली, त्यांच्या बाजेला लावून. त्या खूप बोलल्या, यांना आत बोलावलं, "भालचंद्रा, तुझ्या बायकोला घेऊन जा." हे दारात आले, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेले. सकाळी देव्हाऱ्यात चौरंग उचलून बघितला. प्लग नव्हता. परसात मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, एका झटक्यात, उंबराखाली. मग लगेच बंद केली. आता खोडापाशी स्टूल टाकून बसलेत, मशीन पायाशी, हेल्मेट मांडीवर. मी विचारलं, कशाची वाट बघताय? म्हणाले, "अक्काला विचारायला पाहिजे."

तेव्हा फोनने आता भागणार नाही. द्वारकाबाईंनाही तुम्हीच समजावू शकाल. करंज्यांवरून त्या तुमच्याशी भांडल्या, पण झाड कोणी लावलं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. राधेश्यामच्या टेम्पोत परतीची पुढची जागा तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. डोळ्याला काळा चष्मा लावा, थेंब बरोबर घ्या. वाटूरचा म्हातारा म्हणाला तसं पहिला घाव घरच्या माणसाने घालायचा, आणि लावणारीपेक्षा घरचं दुसरं कोण? खालच्या अंगाला नुसती टेकवायची आहे, उंचीची अडचण येणार नाही. हे मागून धरतील, मी यांना धरीन. मशीन फार जड नाही. मी उचलून बघितली आहे.

हा कागद द्वारकाबाईंच्या खोलीत, खाटेवर बसून लिहिला. वरती पत्रे वाजतायत. आभाळ अजून तरी स्वच्छ आहे.